सतरा खुर्च्यांची बाजू

अकरा फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेदहा. जागा: आमच्या कंपनीचं ओमानमधलं अल् खुवैरचं ऑफिस, दुसरा मजला. रक्कम: एक्केचाळीस रियाल सहाशे बैसा. हजर चौघं: पर्सोनेल मॅनेजर खल्फान, प्लांट मॅनेजर क्रेग, सेफ्टी सुपरवायझर प्रकाश तांबे आणि मी, कॅम्प बॉस सावंत. टेबलावर माझं एक रजिस्टर आणि त्यातल्याच एका पानाची झेरॉक्स.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले होते. ते माझ्याकडे पुष्कळ आहेत. एका सर्व्हेअरनं जनरेटरचा आवाज येतो म्हणून तीन वेळा खोली बदलून घेतली आणि शेवटी आवाजाशिवाय झोप येत नाही म्हणून पहिली खोली परत मागितली. असे वीस तरी किस्से सांगता येतील. पण बावीस वर्षांत एकदाच मी माझ्या कामाचा हिशेब चुकलो, तो हा. म्हणून हाच लिहितो.

आधी कॅम्प बॉस म्हणजे काय ते सांगतो. 'बॉस' या शब्दावर जाऊ नका. रस्ता, बोगदा, पाइपलाइन असं काम डोंगरात निघालं की माणसांना राहायला तिथेच वसाहत उभारतात, तो कॅम्प. आमचा रुस्ताकच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी होता. सहाशे चाळीस खाटा, तीन मेस, अकरा पाण्याच्या टाक्या. कोण कुठे झोपणार, किती माणसं जेवणार, कुणाची चावी हरवली, कुठला एसी बंद, हे बघतो तो कॅम्प बॉस. आठवड्याचे पाच दिवस मी कॅम्पवर, गुरुवारी संध्याकाळी गाडी काढून बौशरला घरी. निम्मे शुक्रवार तेही नाही.

मेस तीन होत्या: लेबर, ज्युनियर आणि सीनियर. कोण कुठे जेवणार ते हुद्द्यावरून ठरे, तसा छापील नियम होता. माझा हुद्दा ज्युनियर मेसचा. सीनियर मेसमध्ये तीस खुर्च्या. त्यांवर गोरे होते, दोन लेबनानी होते, इजिप्शियन होता, आपले आठ-दहा इंजिनियर होते. टेबलं एकमेकांना लावून एकच लांब टेबल केलेलं.

क्रेग ऑक्टोबरमध्ये आला. क्रेन, डंपर, खोदाईची यंत्रं, सगळं त्याच्या हाताखाली. कुठल्या देशाचा ते लिहीत नाही. त्या देशाची यात काही चूक नाही. माणूस वागायला चांगला. माझं नाव पहिल्याच दिवशी बरोबर म्हणाला. खोलीचा नळ दुरुस्त करून दिला तर दुसऱ्या दिवशी आठवणीनं थँक्यू म्हणायला आला. बावीस वर्षांत नळाबद्दल आभार मानणारे मला तिघं भेटले, त्यातला हा एक.

त्यानं शुक्रवारी दुपारी मेसच्या मागे बार्बेक्यू सुरू केला. कोळसा आणि मांस त्यांचं स्वतःच्या पैशाचं, पण प्लेटा आमच्या. त्यामुळे आकडा माझ्या वहीत आला. पहिल्या शुक्रवारी पाच प्लेटा. मग नऊ. नोव्हेंबरच्या अखेरीस चौदा.

आमचा मुख्य स्वयंपाकी कुट्टन केरळचा. तो एकदा म्हणाला, "सावंतसाब, आपने देखा? लेबनानीवाला इंजिनियर प्लेट लेके गया था. पाच मिनिट में वापस आया."

"का?"

"बोला, प्रायव्हेट पार्टी है." कुट्टन हसला. "कोयला उनका, मर्जी उनकी."

मीही तेच म्हटलं. कोळसा त्यांचा.

मग टी-शर्ट आले. कॅम्पचं टपाल माझ्याकडे येतं. एक खोकं आलं, कस्टमच्या चिठ्ठीवर 'कॉटन शर्ट, चाळीस नग'. पांढरा शर्ट, छातीवर काळं झाड, झाडाला मुळंच मुळं. क्रेगनं हसत हसत खोकं नेलं. पुढच्या शुक्रवारी बार्बेक्यूला सगळ्यांच्या अंगात तोच शर्ट.

झाडाचा अर्थ मला झेरॉक्स मशीनमुळे कळला. मशीनचा मीटर मी रोज संध्याकाळी लिहितो. एक दिवस दोनशे कॉपी जास्त निघाल्या. मशीनचं झाकण उघडलं तर मूळ कागद काचेवर तसाच. इंग्रजीत दोन पानं. त्यांच्या देशांत एक संघटना निघाली होती, हे झाड तिचं. गोऱ्या माणसांनी जग उभारलं, आता बाकीचे त्यात शिरून त्यांना संपवत आहेत. म्हणून गोऱ्यांनी आपलं वेगळं ठेवावं, आपलं रक्त, आपली जागा, आपलं टेबल. शाखा कशी काढायची, वर्गणी किती, नवा माणूस आणला की काय करायचं, सगळं लिहिलेलं. आमच्या कॅम्पवरचा शुक्रवार ही तिची शाखा होती.

खाली हातानं एक परिच्छेद लिहून जोडला होता. त्यात म्हटलं होतं की या कॅम्पवर काळ्या-सावळ्या लोकांच्या खाण्यावर गोऱ्यांपेक्षा जास्त खर्च होतो.

आता मी काय केलं ते ऐका. कागद पर्सोनेलला पाठवायला हवा होता. मी पेन्सिल घेतली आणि तो आकडा दुरुस्त केला. लेबर मेसला माणशी दिवसाला एक रियाल पन्नास बैसा, सीनियर मेसला चार रियाल आठशे. एका रियालचे हजार बैसा होतात. म्हणजे एका साहेबाच्या जेवणात साडेचार कामगार जेवतात. असं समासात स्वच्छ लिहून कागद क्रेगच्या टपालाच्या खणात ठेवला. आकडा बरोबर केला की माणूस गप्प होईल असं मला वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं.

क्रेग चिडला नाही. दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन माझ्या ऑफिसात आला, खुर्ची ओढून बसला.

"तू शिस्तीचा माणूस आहेस," तो इंग्रजीत म्हणाला. "सहाशे माणसं, इतके देश, इतके धर्म. एक मारामारी नाही. कशी ठेवतोस?"

हा प्रश्न बावीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. मालकानं नाही, मॅनेजरनं नाही, घरातही नाही. मी कपाट उघडलं आणि खाटांचं रजिस्टर काढलं.

रजिस्टरमध्ये खाट नंबर, नाव, पासपोर्ट, येण्याची तारीख हे शाईनं. पुढे पेन्सिलचा एक बारीक रकाना होता, तो माझा स्वतःचा. नेपाळी एकत्र, पठाण एकत्र, बंगाली एकत्र. रत्नागिरी-रायगडचे मुसलमान एका रांगेत, कारण त्यांचं रोज्याचं जेवण पहाटे लागतं. हे मी त्याला समजावून सांगितलं आणि इथवर ठीक होतं.

मग तो म्हणाला, "आणि तुझी माणसं? तुझ्या भाषेची?"

मराठी माणसं छप्पन्न होती. त्यांच्या नावापुढे मी 'वाडी' लिहीत असे. कोकणातल्या वाचकाला हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे गाव वाड्यांत विभागलेला असतो आणि वाडी कुठली ते कळलं की माणूस कुठल्या जातीचा तेही कळतं. नवा माणूस बसमधून उतरला, बॅग खाली ठेवली, की मी विचारायचा, "गाव कुठलं? वाडी कुठली?" ओळख काढल्यासारखं. तो सांगायचा. मी खाट द्यायचा. सात खोल्यांत मराठी माणसं होती आणि त्यातली बावीस नंबरची खोली ही बौद्धवाडीच्या माणसांची. आठ खाटा. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. आधी एकदा एकाच खोलीत एकत्र स्वयंपाक करण्यावरून कुरबूर झाली होती, मी खोल्या फिरवल्या आणि कुरबूर थांबली. त्यानंतर मी ते चालूच ठेवलं. नऊ वर्षं.

हे सगळं मी क्रेगला समजावून सांगितलं. वाडी म्हणजे काय, तेही. वर म्हणालो, "कुणाला बोलावं लागत नाही. नुसती खाट द्यायची."

त्यानं एका पानाची झेरॉक्स मागितली. मी काढून दिली. मीटरमध्ये एक कॉपी लिहिली.

जानेवारीत शुक्रवारच्या प्लेटा सतरा झाल्या. कॅम्पवर गोरे एकूण एकोणीस. दोघं कधीच गेले नाहीत. त्याच आठवड्यात क्रेगच्या सहीचा अर्ज आला: सीनियर मेसमध्ये वास आणि आवाज यांचा त्रास होतो, तरी मध्ये पार्टिशन घालावं. एका बाजूला सतरा खुर्च्या, दुसऱ्या बाजूला तेरा. किरकोळ सुतारकाम पन्नास रियालपर्यंत माझ्या सहीनं होतं. खर्च आला एक्केचाळीस रियाल सहाशे: प्लाय, पट्ट्या, रंग आणि सुताराचा दीड दिवस. पन्नासच्या आत बसलं म्हणून मी सही केली. कॉफीचं मशीन आणि मोठा एसी सतरा खुर्च्यांच्या बाजूला राहिला.

त्या तेरा खुर्च्यांपैकी एक प्रकाश तांबेंची होती. तांबे मंडणगड तालुक्यातले. नऊ वर्षांपूर्वी परांची बांधायला आले, तेव्हा त्यांना बावीस नंबरची खोली मीच दिली होती. पुढे त्यांनी सुट्टीत पैसे भरून सेफ्टीच्या परीक्षा दिल्या, एक, दोन, तीन. सुपरवायझर झाले. डिसेंबरमध्ये सीनियर हुद्दा मिळाला, स्वतंत्र खोली मिळाली. चावी द्यायला मी गेलो तर म्हणाले, "सावंतसाहेब, या वेळी वाडी नाही विचारलीत?"

मी हसलो. तेही हसले. मला तो विनोद वाटला होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तांबेंनी क्रेगची क्रेन थांबवली. क्रेननं वजन उचलताना जो लोखंडी दोर लावतात, त्याच्या तारा तुटलेल्या होत्या. तांबेंनी त्या मोजल्या, अकरा निघाल्या. लाल पट्टी बांधली आणि काम बंद. सहा तास. क्रेग साइटवर सर्वांसमोर काय बोलला ते छापण्यासारखं नाही; त्यात तांबेंच्या रंगाचा उल्लेख होता.

दुपारी तांबे सीनियर मेसमध्ये आले. ताटात भात, डाळ, फिश फ्राय घेतलं आणि पार्टिशनच्या पलीकडे जाऊन सतरा खुर्च्यांतल्या एकीवर बसले. कुट्टन वाढत होता, त्यानं मला सांगितलं.

"चार आदमी उठ गया साब. बाकी बैठा रहा. तांबेसाब ने पूरा खाया. दाल दो बार लिया."

"काही बोलले?"

"मेरे को बोला, कुट्टन, इधर का एसी अच्छा है."

दुसऱ्या दिवशी क्रेगची तक्रार गेली. तांबेनं विनाकारण काम थांबवलं, मेसमध्ये मुद्दाम वातावरण बिघडवतो; त्याला साइटवरून काढावं. साइटवरून काढणं म्हणजे काय हे आखातातल्या वाचकाला माहीत आहे. आमच्या कंपनीकडे त्या वेळी दुसरी साइट नव्हती. व्हिसा रद्द, विमानाचं तिकीट हातात, नऊ वर्षं खलास. तांबेंचा मुलगा त्या वर्षी बारावीत होता आणि गावाला घराचा स्लॅब पडायचा होता. चौकशी अकरा तारखेला ठरली आणि मला निरोप आला: खाटांचं रजिस्टर घेऊन हजर राहा.

रजिस्टर कशाला, हे मला लगेच कळलं.

शनिवारी दुपारी बौशरला जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. माधुरीनं विचारलं,

"रजिस्टरात जात असा शब्द आहे का कुठे?"

"नाही. वाडीचं नाव आहे. तेही पेन्सिलनं."

"मग भाषेप्रमाणे लावलंय म्हणा. अर्धं खरंच आहे ते."

"आणि बावीस नंबर?"

"त्या अरबाला काय कळणार बावीस नंबर?" तिनं भाकरी वाढली. "तुमची नोकरी गेली तर ऋजुताची फी कोण भरणार, ते आधी सांगा. मग खरं बोला."

ऋजुता आमची मुलगी, अकरावीत. मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, मान वर न करता म्हणाली, "बट बाबा, तुम्ही का लिहिलं होतं ते?"

"भांडणं होऊ नयेत म्हणून."

"ओके. पण त्या रूममधल्या लोकांना विचारलं होतं?"

"जेव," माधुरी म्हणाली.

तर अकरा फेब्रुवारी. खल्फान पन्नाशीचा, रुस्ताकचाच, डोक्याला कुम्मा, म्हणजे ओमानी गोल टोपी, समोर दोन फायली. ओमानी लोकांतले बरेच जण हिंदी छान बोलतात, हा त्यांतला. क्रेगशी इंग्रजीत, आमच्याशी हिंदीत. मी चाळीस मिनिटं फक्त ऐकत होतो.

दोराचं प्रकरण पाच मिनिटांत मिटलं. स्टोअरच्या पावतीवर दुसऱ्याच दिवशी नवा दोर घेतल्याची नोंद होती आणि खाली क्रेगचीच सही. खल्फाननं पावती त्याच्याकडे सरकवली. "दोर चांगला होता तर बदललास कशाला?" क्रेग म्हणाला, उगाच वाद नको म्हणून.

मग मेसचा विषय. खल्फाननं पार्टिशनचं कारण विचारलं. क्रेग म्हणाला, वास आणि आवाज, अर्जात लिहिलंच आहे.

"मछली का बास?" खल्फाननं आम्हाला विचारलं. "मैं भी रोज मछली खाता हूँ."

तांबे पहिल्यांदा बोलले. "सर, पार्टिशन वरून दीड फूट उघडं आहे. वास अडत नाही. एसी अडतो."

खल्फान हसला नाही, पण लिहून घेतलं. क्रेग आता सावध झाला. त्यानं फाइल उघडून माझी झेरॉक्स काढली आणि टेबलावर ठेवली. जे बोलला ते मला शब्दशः आठवतं, मी मराठीत देतो: "तुम्ही मला विचारता आहात. याला विचारा. हा तांबे ज्या लोकांतला, त्यांना याच्याच देशाच्या माणसानं या कॅम्पवर नऊ वर्षं वेगळं ठेवलंय. स्वतःच्या हातानं. मी फक्त तेवढंच मागितलं."

खल्फाननं झेरॉक्स रजिस्टरच्या पानाशी लावून पाहिली.

"सावंत, यह आपका हाथ का है?"

"हाँ सर."

"यह पेन्सिलवाला क्या है?"

मी म्हणालो, "सर, लैंग्वेज के हिसाब से रूम दिया है. झगडा नहीं होना इसलिये."

हे बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. वाक्य आदल्या दिवशी घरून तयार करून आणलं होतं.

खल्फाननं बोट ठेवलं. "उन्नीस नंबर, क्या लैंग्वेज?"

"मराठी."

"बाईस नंबर?"

"मराठी."

"फिर अलग क्यों?"

तांबे माझ्याकडे बघत नव्हते. ते पान बघत होते. त्या पानावर त्यांचं नाव होतं, नऊ वर्षांपूर्वीचं, खोली क्रमांक बावीसमधली तिसरी खाट, पुढे माझ्या अक्षरात वाडी. ते पान त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी भाषेवर राहिलो असतो तर क्रेगला तेच हवं होतं, हे मला तिथे बसल्यावर दिसलं. तो म्हणाला असता, आम्हीही आमच्या भाषेचे एकत्र बसतो. पार्टिशन राहिलं असतं आणि नाव तांबेंचं कटलं असतं. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. माझा आकडा जुळत नव्हता एवढंच. एकोणीस आणि बावीस, दोन्हीला एकच भाषा लिहून ते पान मला बंद करता येईना.

मी म्हणालो, "सर, जात के हिसाब से है. हमारे गाँव में ये लोगों को अलग रखते हैं. मैंने भी अलग रखा. किसी ने बोला नहीं था. गलत है."

"कितना साल?"

"नौ."

खल्फाननं माझं उत्तर लिहून घेतलं. मग क्रेगकडे वळून इंग्रजीत विचारलं, "हा म्हणतो, जन्मावरून माणसं वेगळी ठेवली. तू म्हणतोस, मी तेवढंच मागितलं. बरोबर?"

क्रेगला वाटलं माझी कबुली त्याच्या कामाची आहे. "अगदी बरोबर," तो म्हणाला. "तत्त्व तेच."

"मग वास?"

क्रेगनं समोरच्या अर्जाकडे पाहिलं.

"अर्जात वास लिहिलंस. आता जन्म म्हणतोस. मी कागदावर काय लिहू?" खल्फाननं पेन उचललं. "या देशात माझ्या कंपनीच्या जेवणाच्या टेबलावर जन्म लिहिता येत नाही. आवाज आणि वास लिहिता येतो. तू आत्ता जन्म म्हणालास, तिघांसमोर."

क्रेग पुष्कळ बोलला, पण ते लिहून झालं होतं.

निकाल चार दिवसांनी आला. तांबेंवरची तक्रार रद्द, हुद्दा कायम. पार्टिशन काढावं. क्रेगला साइटवरून काढलं, पंधरा दिवसांत तो देश सोडून गेला. मला ताकीदपत्र, ते माझ्या फायलीत आहे. आणि पार्टिशनचा खर्च मंजूर नाही, ज्याच्या सहीनं झाला त्यानं भरावा.

क्रेग चाव्या द्यायला आला. खोलीची, ऑफिसची, कपाटाची, तीन. मी मोजून घेतल्या, पावती दिली.

"मला वाटलं होतं तू समजूतदार आहेस," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.

"खोलीत शर्ट आहेत काही. कुणाला तरी देऊन टाक."

तेवीस निघाले. खरं तर त्याचा क्लब चौकशीच्या आधीच ओसरायला लागला होता, माझ्या वहीत ते दिसत होतं. सतरावरून सोळा झाले ते डेरेकमुळे. डेरेक म्हणजे साठीचा सर्व्हेअर, तोच जनरेटरवाला. त्याची बायको फिलिपिन्सची. क्लबात कुणीतरी तिचा विषय काढला, आणि इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला विचारलं की तू नक्की कुठल्या बाजूचा. तो उठून आला, त्याच्यामागून आणखी तिघं. एकाचे आजोबा पोर्तुगालकडचे होते, तो पुरेसा गोरा की नाही यावर तासभर चर्चा झाली म्हणे, त्याच्या समोरच. म्हणजे चौकशीच्या दिवशी सतरा खुर्च्या होत्या, पण प्लेटा तेराच. क्रेग गेल्यावर सहा. मार्चमध्ये दोन. मग एका गुरुवारी कुट्टननं विचारलं, "साब, कल कोयला निकालूँ?" आणि आम्ही दोघांनी मागे जाऊन पाहिलं तर तिथे कुणी यायची शक्यता दिसेना. कोळसा परत आत ठेवला.

डेरेकच म्हणाला, तिकडे त्यांच्या देशांतही ती संघटना फुटली. दोन पुढारी वर्गणीच्या पैशावरून एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले, इंटरनेटवरचं पान बंद पडलं. मी ते तपासलेलं नाही, त्यानं सांगितलं तसं लिहितो.

तेवीस शर्ट मी वर्कशॉपला चिंध्या म्हणून दिले. त्यातले चार-पाच चिंध्या झालेच नाहीत. एप्रिलमध्ये संडास धुणारा आमचा बंगाली नूरुल तो काळ्या झाडाचा पांढरा शर्ट घालून फिरत होता. मी म्हणालो, "नूरुल, यह क्या पहना है, मालूम?"

"कॉटन है, साब," तो म्हणाला. "गर्मी में अच्छा."

आता माझ्या रकान्याचं. मार्चमध्ये मी मराठी खोल्या पुन्हा लावल्या, येण्याच्या तारखेप्रमाणे. एकोणीस नंबरमधल्या फोरमननं मला गाठलं. "सावंत, हे काय नवीन काढलंस? इतकी वर्षं बरं चाललं होतं." तिघांनी खोली बदलून मागितली, कारण घोरण्याचं दिलं. मी दिली नाही. बावीस नंबरमध्येही काही टाळ्या वाजल्या नाहीत. आठपैकी पाच जण म्हणाले, आता आम्हाला सवय झाली, आमची खोली कॅम्पवर सगळ्यांत स्वच्छ आहे, आम्हाला का हलवता? त्यांना त्या वेळी मी पहिल्यांदा विचारून उत्तर ऐकलं आणि हलवलं नाही. तिघं हलले.

पैसे भरायला मी सतरा मार्चला अल् खुवैरला गेलो. कॅशियरच्या खिडकीशी माझ्या पुढे तांबे होते, मेडिकल कार्ड घ्यायला आलेले. चौकशीनंतर आमचं कामापुरतंच बोलणं होतं. मी नमस्कार केला. त्यांनीही केला.

त्यांचं काम झालं, पण ते गेले नाहीत. कार्ड नीट पाकिटात घालत बाजूला उभे राहिले. मी पैसे खिडकीत सरकवले. कॅशियरनं मोजून विचारलं, "किसका लिखूँ?"

"सीनियर मेस का पार्टिशन," मी म्हणालो.

त्यानं लिहिलं, शिक्का मारला, पावती दिली.

तांबे म्हणाले, "आणि बावीस नंबरचं?"

मी म्हणालो, "त्याला काही खर्च आला नव्हता, तांबे."

"हो," ते म्हणाले. "तुम्हाला नव्हता आला." पाकीट खिशात ठेवलं. "सावंतसाहेब, नऊ वर्षांपूर्वी बसमधून उतरलो ना, तुम्ही वाडी विचारलीत. मला आनंद झाला होता. वाटलं, गावाकडचं माणूस भेटलं."

ते गेले. कॅशियरनं मला विचारलं, और कुछ है क्या. मी नाही म्हणालो.

भरणा: एक्केचाळीस रियाल सहाशे बैसा, कंपनीला, रोख, पावती माझ्याकडे आहे. प्रकाश तांबेंना: काही नाही.